टेप नंबर सात, बाजू ब

माझं लेक्चर वेळेआधी संपलं असं लातुरात कुणी सांगितलं, तर तो माणूस थापा मारतोय असं खुशाल समजावं. सत्तावीस वर्षं बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवतेय. घंटा झाल्यावर पाच मिनिटं जास्तीची घेतली असतील, कमी कधी नाही. पोरं माझ्यामागं मला काय काय म्हणतात तेही ठाऊक आहे. 'कारलं' हे त्यातल्या त्यात प्रेमाचं. त्यामुळं गेल्या मार्चात वरद नावाचा एक पोरगा क्लासच्या ऑफिसात येऊन बसला आणि म्हणाला, “मॅडम, तुमचं एक लेक्चर चार मिनिटं लवकर संपलं होतं,” तेव्हा माझं डोकंच सणकलं.

“कोण म्हणतं?”

“माझी मंजुश्रीमावशी. उमरीला दवाखाना आहे तिचा. शहाण्णव साली तुमच्याकडं होती. तिच्या ट्रंकेत हे सापडलं.”

त्यानं टेबलावर एक कॅसेट ठेवली. वर माझंच अक्षर: औसेकर क्लासेस, ऑरगॅनिक, टेप नंबर ७.

तेव्हा मी लेक्चरच्या कॅसेट काढायचे; मूळ एक मी भरायची, तिच्या कॉपी दुकानदार मशीनवर काढून द्यायचा. बाहेरगावची पोरं खोल्या करून राहायची, रात्री परत ऐकायची. पण हा सत्तावीस-अठ्ठावीसचा घोडा, मानेपर्यंत केस, पाठीवर चौकोनी पेटी, याला ऑरगॅनिकशी काय घेणं?

“मी तबकड्या काढतो मॅडम. व्हायनलच्या. नांदेडला घरातच आहे माझी कंपनी. अडगळ रेकॉर्ड्स.”

“चांगलं नाव आहे. आईनं ठेवलं असेल.”

तो हसला नाही. उलट पुढं सरकून समजावायला लागला. परदेशातल्या मोठमोठ्या बँडमधल्या माणसांना आपल्याच गाजलेल्या गाण्यांचा वीट यायचा म्हणे. मग त्यातले दोघं-तिघं सुट्टीच्या दिवशी एखाद्या शेडमध्ये जाऊन पत्रे बडवायचे, यंत्रांचे आवाज घ्यायचे, गाण्याऐवजी वर्तमानपत्र वाचायचे. पंक नावाच्या बंडखोर गाण्यांची लाट ओसरल्यावर तिकडं असं लई झालं. अशा बाजूच्या उद्योगांच्या दोन-तीनशे तबकड्या निघायच्या आणि दुकानात धूळ खात पडायच्या. आता कुणी त्याच पुन्हा काढल्या, की जगभरातली वेडी माणसं त्यावर तुटून पडतात. यानं स्वतः बेंगळुरूच्या एका ड्रमरचा असाच जुना उद्योग शोधून पुन्हा काढला होता.

“बरं मग? मी अल्डिहाइड-कीटोन शिकवते. दुसऱ्या गल्लीत जा.”

“एकदा ऐका फक्त,” म्हणून त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला.

आधी माझाच आवाज आला. पंचविशीतला, पण खेकसणं तेच. “लक्षात ठेवा, आधी जुना ग्रुप बाहेर पडतो, मगच नवा आत येतो. मधे बोलायचं नाही!” मागं रस्त्यावर कुणीतरी भोंगा वाजवत होतं. एकदा, मग लांबलचक दुसऱ्यांदा. मग मी, वैतागून: “चला, उरलेलं उद्या.” खट्ट.

थोडी खरखर झाली आणि सूप वाजायला लागलं. फट-सळ्ळ. फट-सळ्ळ. कुणीतरी बाई शांतपणे तूर पाखडत होती. त्याच ठेक्यावर लोखंडी पिंप वाजत होतं. मागं कॅसिओचा एकच सूर, कुणी बोट काढायचं विसरल्यासारखा. आणि मग ती बाई बोलली.

“बस करा की रे आता! कान फुटून राहिले माझे. वीरू, ए वीरू, भाकरी गार होऊन राहिली. जेवा आधी. ए मास्तराच्या पोरी, तूबी ऊठ. जीव हाय का न्हाई अंगात?” मग हसली. “अगं बाई, हे भरून राहिलंय काय त्यात?”

आणि परत सूप. शेवटपर्यंत सूप.

मास्तराची पोरगी म्हणजे मी. आणि बोलत होती ती नागम्माअव्वा, वीरण्णाची आई, जिला जाऊन एकोणतीस वर्षं झाली होती. तिचा आवाज या जगात कुठं उरलेला नाही असं मी समजत होते. नुसतं समजत नव्हते, तो मीच पुसला होता.

“मॅडम, हे कोण आहे?” वरदनं विचारलं.

“निघ इथून,” मी म्हणाले. “आत्ताच्या आत्ता निघ.”

तो गेला बिचारा. नंबर मात्र टेबलावर ठेवून गेला.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई येडीच आहे.

ब्याण्णव-त्र्याण्णवला आम्ही तिघं 'स्वरमोहर' नावाच्या ऑर्केस्ट्रात होतो. मी कीबोर्डवर, वीरण्णा ऑक्टोपॅडवर, आणि बँकेत बदलून आलेल्या साहेबांचा अनय गिटारवर. गणपतीत दहा दिवस, लग्नसराईत दिवसाआड, आणि गाणी तीच सतरा. जीव नुसता कावून जायचा. अनयकडं पुण्याहून आणलेल्या कुठल्या कुठल्या इंग्रजी कॅसेट होत्या. त्यात लोक लोखंड घासत, पाइप फुंकत. वीरण्णा ऐकून म्हणाला, “हात्तिच्या, हे तर आमच्या मिलमध्ये रोजच होतं.”

वीरण्णाच्या वडिलांची, माणिकप्पांची, डाळमिल होती. गुरुवारी मिल बंद. आम्ही गुरुवारी तिथं जमायला लागलो. डाळ भरडून झाली की खाली कोंडा-कणीची चुनी उरते, ती गुरांना घालतात. वीरण्णानंच नाव ठेवलं. “ऑर्केस्ट्रा म्हणजे आपली डाळ. ती बाजारात जाती. हे आपलं चुनी.” झालं, आमच्या बँडचं नाव 'चुनी'. बाजूचा उद्योग, वरदच्या भाषेत.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी नागम्माअव्वा घरच्यापुरती तूर पाखडत कोपऱ्यात बसली होती. अनयनं आम्हाला डोळ्यानं खुणावलं आणि आम्ही तिच्या सुपाच्या ठेक्यावर वाजवायला लागलो. तिला पत्ताच नाही. वैतागून ओरडली तेही टेपमध्ये भरलं गेलं. तेच आमचं सगळ्यात भारी झालं असं आम्हा तिघांचंही मत पडलं. कॅसेट एकच, ती माझ्याकडं राहिली. वर पुसलं जाऊ नये म्हणून वीरण्णानं स्वतः तिच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या मोडल्या. त्या मोडल्या की कॅसेटवर नवं भरता येत नाही.

सप्टेंबरात नागम्माअव्वा भावाकडं गेली, किल्लारीच्या बाजूला. गणपती बोळवून परत येणार होती. तीस तारखेच्या पहाटे भूकंप झाला. पुढचं मी काय सांगू? वीरण्णा मिलचा ट्रक घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याच्या नखांत माती होती, आणि तो कुणाशी बोलत नव्हता. लातुरात आमच्या स्वयंपाकघराची भिंत पडली, तेवढंच. ऑर्केस्ट्रा बंद पडला. अनयच्या वडिलांची बदली झाली, आता तो ऑस्ट्रेलियात आहे. चुनीचं नाव परत कुणी काढलं नाही.

पंच्याण्णवला मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये क्लास काढला. भूकंपानंतर दोन वर्षांत हे गाव असं काही पालटलं की बाप्पा! ज्याच्या घरात जादा खोली त्यानं चार पोरं ठेवली, ज्याला दोन समीकरणं येत होती त्यानं फळा टांगला. पोरं कॅसेट मागायची आणि मला कोऱ्या पुरायच्या नाहीत. मग मी एका दुकानातून पडेल सिनेमांच्या न खपलेल्या कॅसेटचं खोकंच्या खोकं उचललं. त्यांच्या पट्ट्या मोडलेल्या असतात, पण त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की झकास भरता येतं. मी आणि आई दुपारभर बसून चिकटपट्ट्या लावायचो. आईनं दिवाळीची साफसफाई करताना कपाटातली माझी एक जुनी कॅसेट त्याच खोक्यात टाकली, मुलीला उपयोगी पडेल म्हणून. मी न बघता पट्टी लावली, न बघता भरली. त्याच आठवड्यात वीरण्णाला नांदेडहून कोऱ्या कॅसेटचा डबा आणायला सांगितलं होतं, तो डाळ घेऊन दर आठवड्याला जायचा. पण त्याला दोन दिवस उशीर झाला आणि माझ्यानं दम निघेना.

हे मला कळलं अठ्ठ्याण्णव साली. वीरण्णाला मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी तो माझ्या दारात आला, पाच वर्षांत पहिल्यांदा थोडा हसरा.

“सौदा,” तो मला याच नावानं हाक मारतो, “चुनीची कॅसेट हाय ना तुझ्यापाशी? पोरीचं नाव नागश्री ठेवून राहिलो. म्हटलं आत्यानं कानात नाव सांगायच्या आधी अव्वाचा आवाज घालावा पोरीच्या कानात.”

“आहे की, सकाळी आणून देते,” मी म्हणाले, आणि तो गेल्यावर घर उलथंपालथं केलं. सापडलं ते रिकामं कव्हर. आणि टेप नंबर सातच्या माझ्या स्टिकरखाली अनयच्या अक्षरातलं जुनं स्टिकर. कॅसेट लावली. माझं लेक्चर. उलटी लावली. माझंच लेक्चर. दोन मिनिटं ऐकली आणि शेवटपर्यंत ऐकायची हिंमतच झाली नाही. ती रीळ ओढून ओढून बाहेर काढली आणि पाण्याच्या बंबात घातली. इतका राग आयुष्यात कुणाचा आला नाही तेवढा स्वतःचा आला.

आणि सकाळी त्याला काय सांगितलं? सांगितलं, “वीरण्णा, भूकंपात भिंत पडली ना, तिच्याखालीच गेली रे ती. मला तुला सांगायचा धीर होत नव्हता.”

त्याच्या आईला नेलं त्या भूकंपावर मी माझं पाप ढकललं. वर तो काय म्हणाला माहितेय? माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, “रडू नको. तुझी काय चूक त्यात.” बारशाला गेले, पण जेवले नाही. पोट बिघडलंय म्हणून पान तसंच सारलं. त्यानंतर चोवीस वर्षं काही ना काही निमित्त काढून त्या घरचं जेवण टाळलं. तो मात्र दर संक्रांतीला नव्या तुरीची डाळ माझ्या घरी पाठवत राहिला. ती मी शिजवायचे आणि दर वेळी मनात स्वतःला शिव्या घालायचे.

दोन दिवस मी वरदला फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी क्लासमध्ये एका पोरीला उगंच झापलं, ती रडली, तेव्हा म्हटलं बाई, हे काही खरं नाही. फोन केला.

“कितीजणांकडं आहे ते?”

“मला सहा कॉपी मिळाल्यात मॅडम. उमरी, रेणापूर, नांदेड. दुकानदारानं मशीनवर पूर्ण रीळ उतरवली, त्यामुळं शेपूट सगळ्यांत आलंय. तीनशे पोरांकडं होतं. हॉस्टेलात त्याला 'मॅडमचं भूत' म्हणायचे. मंजुश्रीमावशी तर परीक्षेच्या आधी मुद्दाम लावायची. ती बाई 'जेवा आधी' म्हणाली की बरं वाटायचं म्हणे, घरची आठवण यायची.”

“तीनशे पोरांनी ऐकलं आणि मला एकानं सांगितलं नाही?”

तो भीत भीत म्हणाला, “तुम्हाला कोण सांगणार, मॅडम?”

कपाळ माझं! उभा जन्म धाक घालण्यात गेला, त्याचं हे फळ. एका पोरानं जरी हात वर केला असता, 'मॅडम, शेवटी कुणीतरी बाई बोलते,' तर बारशाला नागश्रीच्या कानात आजी बोलली असती.

मग मी त्याला सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले, “ते सुरुवातीचं माझं लेक्चर कापता येईल का? वीरण्णाला सांगू, अनयकडं एक कॉपी निघाली.” लाज वाटली बोलताना, खोटं कशाला सांगू. पण लेक्चर ऐकलं की त्याला सगळं कळणार होतं. माझ्या आवाजाखाली त्याची आई सापडली म्हणजे तिच्यावर मीच भरलं होतं, भिंतबिंत काही नाही. तीस वर्षांचा एकच मित्र माझा. या स्वभावाच्या बाईला दुसरा कोण मिळणार?

“कापता येईल,” वरद म्हणाला. “पण वाईट वाटेल मला. मी याला रीइश्यू म्हणून राहिलोय मॅडम. पहिली आवृत्ती तुम्हीच काढलेली, टेप नंबर सात. लेक्चरसकट.”

बारा दिवसांनी तो आला, पाठीवर तीच पेटी. पेटीत बॅटरीवर चालणारा रेकॉर्ड प्लेअर होता. सोबत सात इंची एकच तबकडी, मुंबईच्या कुणाकडून तरी नमुन्यादाखल कापून आणलेली. सहा कॉपींतला बरा बरा भाग घेऊन त्यानं खरखर कमी केली होती. काळी कुळकुळीत, मधे पांढरा कागद. एका बाजूला त्यानं पेननं एक फुली मारली होती.

“फुलीच्या बाजूला लेक्चरचा शेवट ठेवलाय. दुसऱ्या बाजूला थेट सुपापासून. कुठली लावायची ते तुम्ही ठरवा. पण आवाज त्यांच्या आईचा आहे. त्यांच्या परवानगीशिवाय मी पुढं जाणार नाही.”

गुरुवार होता, मिल बंद. वीरण्णा एकटाच मोटारीचा पट्टा बघत बसला होता, कपाळावर भस्माचे पट्टे, केस सगळे पांढरे. आतल्या ऑफिसात नागश्री कॉम्प्युटरवर काहीतरी करत होती. मिलचं सगळं आता तीच बघते.

“सौदा? तू गुरुवारी? आज कुणाला झापायला मिळालं न्हाई वाटतं.”

मला हसू आलं नाही. वरदनं तुरीच्या पोत्यावर प्लेअर मांडला. तबकडी माझ्या हातात होती. फुली नसलेली बाजू वर होती. तशीच ठेवली असती तर झालं असतं. वीरण्णा रडला असता, मला दुवा दिला असता, आणि मी घरी जाऊन परत त्याची डाळ शिजवली असती.

मी तबकडी उलटी केली.

“वीरण्णा,” मी म्हणाले, “चुनीची कॅसेट भिंतीखाली गेली नव्हती. शहाण्णवला मी तिच्यावर लेक्चर भरलं. चुकून, पण भरलं मीच. आणि अठ्ठ्याण्णवला तुझ्याशी खोटं बोलले. आता ऐक.”

त्याला काही बोलू न देता मी सुई टेकवली.

आधी मी. आधी जुना ग्रुप बाहेर पडतो. भोंगा. मधे बोलायचं नाही. भोंगा, लांबलचक. उरलेलं उद्या. खट्ट.

मग सूप.

वीरण्णा उभा होता तो खालीच बसला, पोत्याला टेकून. “वीरू, ए वीरू” आलं तेव्हा त्यानं तोंडावर पालथा हात धरला. शेवटपर्यंत तो हात काढला नाही. तबकडी संपली, सुई मधे खरखरत फिरत राहिली. वरदनं ती उचलली.

मी मनात म्हटलं, आता हा म्हणेल चालती हो. म्हणू दे. निदान खरं सांगून तरी चालती होईन.

“परत लाव,” वीरण्णा म्हणाला.

वरदनं लावली. या वेळी अव्वापर्यंत पोचायच्या आधीच वीरण्णानं हात वर केला. “थांब. मागं घे. तो भोंगा.”

परत भोंगा वाजला.

“हा माझा हाय,” तो म्हणाला. “सौदा, हा माझ्या एम-एटी फटफटीचा भोंगा हाय. ट्रकचा काढून बसवलेला. साऱ्या लातुरात एकच होता.”

खरंच की! तो भोंगा. दर दोन दिवसांनी माझ्या शेडबाहेर वाजणारा तो मेला भोंगा मी ओळखला नाही.

“तू कॅसेट आणायला सांगितल्या होत्या नांदेडहून,” तो सावकाश आठवत म्हणाला. “कोऱ्या. मी डबा घेऊन आलतो. तू बाहेर ये ना. मग दाबूनच धरला भोंगा. तू तणतणत आली आन् माझ्यावरच खेकसली, 'आता आणतोस होय? लेक्चर अर्धं राहिलं ना तुझ्यापायी!'”

मला सगळं आठवलं. डब्याला गुंडाळलेली सुतळीसुद्धा आठवली. चार मिनिटं राहिली होती त्या बाजूची. तो आला नसता तर मी शेवटच्या सेकंदापर्यंत बोलले असते, मी कधी सोडलंय? त्या चार मिनिटांत नागम्माअव्वा होती. तिच्या लेकानंच भोंगा वाजवून मला गप्प केलं होतं, आणि त्याला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं.

मग मात्र मला आवरलं नाही. ढसाढसा रडले, पोरासमोर, मिलमध्ये, पदर तोंडात कोंबून. चोवीस वर्षांचं ओझं होतं ते. मी तिथंच खाली बसले.

वीरण्णानं या वेळी डोक्यावर हात ठेवला नाही. समोर बसून राहिला. मग म्हणाला, “पुसली त्याचा राग न्हाई. पण खोटं बोलली त्याचा हाय. मी तुला समजावत बसलो तवा, आठवतं?”

“हाव.”

“लई दिवस राहील तो राग.”

“राहू दे. मी येत जाईन. शिव्या घाल.”

“घालीन,” तो म्हणाला, आणि वरदकडं वळला. “काढ तुझ्या तबकड्या. पण हीच बाजू काढायची. हिचा आवाज कापायचा न्हाई, आन् माझा भोंगाबी.”

वरदनं इतका मोठा सुस्कारा सोडला की आम्ही दोघंही त्याच्याकडं बघायला लागलो.

मग वीरण्णानं हाक मारली, “नागश्री, बाहेर ये.” ती आली, हातात पेन तसंच. त्यानं तिला पोत्यावर बसवलं, प्लेअरच्या अगदी जवळ. “कान इकडं कर,” म्हणाला. मग मला म्हणाला, “आत्या, लाव.”

आत्या म्हणाला मला. बारशाला नाव सांगायचा मान आत्याचा असतो.

मी सुई टेकवली. माझं खेकसणं ऐकून नागश्री हसली, भोंग्याला दचकली. सुपाला तिनं मान डोलावली. आणि “वीरू, ए वीरू” आलं तेव्हा तिनं एकदम वडिलांकडं बघितलं. त्यांना अशी हाक मारणारं कुणी तिनं आजवर ऐकलंच नव्हतं.

“ही कोण?” तिनं हळूच विचारलं.

“तुझी आजी,” मी म्हणाले. “नागम्मा.”

तबकडीवर नागम्माअव्वा हसली, म्हणाली, हे भरून राहिलंय काय त्यात, आणि परत तूर पाखडायला लागली. वीरण्णानं पोत्यामागून डबा काढला, कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही. पहिला तुकडा मोडून माझ्यापुढं धरला.

“घे. जेव आधी,” तो म्हणाला.

मी जेवले. दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागून घेतली.